हळदीकुंकवात तामाबायाशी

राधिका आमच्या महिला मंडळाची अध्यक्षा. बाई वाईट नाही, हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं ऐकून तुम्ही तिच्या नावाने बोटं मोडाल. भोसल्यांच्या फौजेबरोबर तिचे पूर्वज रायपुरात आले आणि तेव्हापासून त्या घराला दुसऱ्यांची सोय लावून देण्याची खोड आहे. कोणी कुठे बसायचं, कोणी ताट धरायचं, कोणी माईकवर बोलायचं, सगळं राधिका ठरवते, आणि खरं सांगायचं तर चांगलं ठरवते. डिसेंबरात एका संध्याकाळी धापा टाकत जिना चढून ती माझ्याकडे आली, ती माझी सोय लावायला.

"रमाताई, यंदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तुमी गिटार वाजवा," ती म्हणाली. "एका बाजूला बसून. मंद मंद, बॅकग्राउंड म्युझिक असते ना, तसं. बायका येत राहतील, हळदीकुंकू चालत राहील, माहौल बनेल. अन् तुमालेही बरं वाटेल. नुसतं बसून राहावं लागणार नाही."

नुसतं बसून राहणं म्हणजे काय, ते सांगते. तीन वर्षांपूर्वी माझा नवरा नीलकंठ गेला. रेल्वेत होता, जेवून हात धुवायला उठला आणि मोरीपाशीच कोसळला. तेव्हापासून मंडळात माझी जागा शेवटच्या रांगेत, दाराजवळ. तिथे बैस असं कोणी सांगितलं नाही, सांगायला लागत नाही. आम्ही पाच-सहाजणी तिथे असतो. हळदीकुंकवाचं ताट पहिल्या रांगेपासून निघतं आणि आमच्यापाशी आलं की ताट धरणारी पोरगी नजर खाली घालते, तिळगुळाची वडी तळहातावर ठेवते आणि "काकू, गोड बोला" म्हणून वळते. दरवर्षी ती पोरगी वेगळी असते, पण नजर खाली घालायला सगळ्यांना येतं.

राधिकाला हे बघवत नव्हतं, यावर माझा विश्वास आहे. म्हणून तिने उपाय काढला. माझ्या हातात गिटार दिली की मी पाहुणी राहत नाही, कामाची बाई होते, आणि कामाच्या बाईला कुंकू का लावलं नाही असं कोणी विचारत नाही. वाह रे सोय.

मला राग आला आणि मी चहा टाकला. राग आला की मी चहा टाकते, तेवढा वेळ तोंड बंद राहतं.

कप तिच्या हातात देऊन मी म्हटलं, "बाजूला बसून वाजवीन. पण शेवटी दहा मिनिटं मले मधात पाह्यजेत. सगळ्यांच्या समोर. माह्या मनातलं वाजवीन, अन् तोवर ताट फिरणार नाही, कोणी बोलणार नाही."

"दहा मिनिटं?" राधिकाने जरा विचार केला. "बरं. शेवटी दहा मिनिटं तुमची. माझा शब्द."

"हव," मी म्हटलं. झालं ठरून.

आता राधिकाच्या डोळ्यांपुढे होती ती माझी जुनी गिटार. आमच्या लहानपणी पुरानी बस्तीत एक बंगाली मास्तर हवाईयन गिटार शिकवायचे. मांडीवर आडवी ठेवायची, तारांवरून लोखंडी नळी सरकवायची, सिनेमातली गाणी रडक्या सुरात काढायची. मुलीच्या जातीला शोभेल असं वाद्य, असं आमचे बाबा म्हणत. लग्नाआधी मी मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात ती वाजवली आणि प्रत्येक वेळी बायका माझ्या वाजवण्यावर गाण्याचे शब्द म्हणत राहिल्या. वाजवणाऱ्या पोरीकडे बघायची गरज कोणाला पडली नाही.

नीलकंठ गेला तेव्हा घरात शब्दांचा नुसता पाऊस पडला. देवाची मर्जी. तुमचंच पुण्य कमी पडलं. पोरीकडे पाहून दिवस काढा. उचलली जीभ लावली टाळ्याला. तेराव्यापर्यंत मी मान हलवत ऐकलं आणि नंतरही महिनोन् महिने लोक येऊन बोलत राहिले. मला इतकंच हवं होतं की कोणीतरी माझ्याजवळ बसावं आणि काही बोलू नये. तसं माणूस मिळालं नाही. मिळाला तो तामाबायाशी.

एका रविवारी फोनवर जुन्या हवाईयन धुना ऐकत भाजी निवडत होते. धून संपली आणि यूट्यूबने आपल्या मनाने पुढचं लावलं. चित्रात एक जपानी बुवा, कमरेपर्यंत केस, आपल्या नाटकांत राजपुत्राला घालतात तसा झालरीचा पांढरा सदरा, मागे बर्फ. केइगो तामाबायाशी. त्याचा एकट्याचा अल्बम, नऊ तुकड्यांचा, आणि नऊच्या नऊ तुकड्यांत कोणी तोंड उघडत नाही. नुसती गिटार. पाठीमागे ढोल असे की पातेली थरथरावीत, आणि वर ती गिटार धावते, चढते, उतरते, भांडते. मी मेथी तशीच टाकून ऐकत बसले. तिसरा तुकडा सुरू झाला तेव्हा माझ्या लक्षात आलं की हे सूर मला माहीत आहेत. आपला राग कीरवाणी. बंगाली मास्तरांनी शिकवलेला, फक्त तो असा पेटलेला मी कधी ऐकला नव्हता. त्या दिवशी मी मोठ्याने रडले. नीलकंठ गेल्यावर मोकळी अशी तेव्हाच रडले, आणि मला बरं वाटलं.

माझी मुलगी यामिनी भिलाईला असते, तिला मराठी समजतं पण उत्तर हिंदीत देते. तिला मी ते पाठवलं. तिचा लगेच फोन आला. "मम्मी, ये नियोक्लासिकल मेटल है. कॉलेज के लड़के सुनते हैं ये सब."

"मंग मी पण ऐकीन," मी म्हटलं.

"सुनो, पर आवाज़ कम रखना. चाची को तकलीफ़ होगी."

चाची म्हणजे माझी धाकटी जाऊ शारदा, खालच्या मजल्यावर राहते. ऐकण्यावर माझं भागलं नाही, मला ते वाजवायचं होतं. बाजारात इंद्रजीतच्या वाद्यांच्या दुकानात गेले आणि भिंतीवरची लाल इलेक्ट्रिक गिटार मागितली. "बेटे के लिए, आंटी?" त्याने विचारलं. माझ्यासाठी म्हटल्यावर तो म्हणाला की भजनाला कीबोर्ड बरा पडेल. मी म्हटलं, भजन तू कर, मला ती लाल दे.

ही गिटार मांडीवर घेऊन चालत नाही. खांद्याला अडकवून उभं राहावं लागतं, डाव्या हाताची बोटं तारांवर दाबावी लागतात. माझ्या बोटांची सालं निघाली, मग घट्टे पडले. सांधे सकाळी इतके आखडायचे की पोळ्या लाटता यायच्या नाहीत. माझी नोकरी अजून चालू आहे; कचेरीतून आले की मी त्याचे व्हिडिओ लावून एकेक ओळ घोटत बसायचे. तामाबायाशी तिसरा तुकडा ज्या वेगात वाजवतो तो वेग मला या जन्मी येणार नाही, पण सावकाश का होईना, दोन वर्षांत तो अख्खा तुकडा माझ्या हातात बसला. शेजारीपाजारी बोलायला लागले की रमाला म्हातारचळ लागला. ज्या गल्लीतून लग्नसराईत धुमालची, म्हणजे ढोल आणि भोंगे लादलेली वरातीची गाडी खिडक्यांची तावदानं हलवत जाते, त्या गल्लीला माझ्या गिटारचा त्रास होत होता.

शारदेला मात्र खरंच त्रास होत असणार, तिच्या डोक्यावरच मी वाजवत होते. भित्री बाई. दारात पोस्टमन आला तरी पदर सावरते. ती कधी तक्रार करायला वर आली नाही, फक्त जेवताना विचारायची, "ताई, आज तामाबाई किती वेळ आहे?" तिने त्या बुवाची बाई करून टाकली होती. मी सांगितलं की पुरुष आहे, तर म्हणे, "केसं पाहून मले वाटलं."

राधिकाशी ठरलं ते मी शारदेला सांगितलं. तिचा चेहरा पडला.

"ताई, नका ना जाऊ. लोकं हसतील तुमाले. ते गाणं नाही वाटत कोणाले."

"तुले वाटते का?"

"मले डोकं दुखते," ती खरं तेच बोलली. "पण तुमाले कोणी हसलं तर मले चांगलं नाही वाटणार."

संक्रांतीनंतरच्या शनिवारी दुपारी मंडळाच्या हॉलमध्ये कार्यक्रम होता. माझी खुर्ची पाण्याच्या कॅम्परशेजारी, खांबाच्या आड. मी लाल गिटार आणि छोटा ॲम्प्लिफायर घेऊन आले तेव्हा राधिकाने एकदा गिटारकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि हसून म्हणाली, "रंग छान आहे." मी आवाज बारीक ठेवला आणि ठरल्याप्रमाणे जुन्या धुना काढल्या. बायका नटून आल्या होत्या, काळ्या साड्या, हलव्याचे दागिने घातलेल्या दोन नव्या सुना. कोणीतरी पाणी घेताना म्हणालं, "काकू, खुर्ची थोडी सरकवा." कोणीतरी म्हणालं, "आवाज कमी करा ना, उखाणा ऐकू येऊन नाही राह्यला." आमच्याकडे कुंकू लावून घेतलं की माईकवर उखाण्यात नवऱ्याचं नाव घ्यायचं, मग तिळगूळ. नावांवर नावं चालली होती आणि मी कमी आवाज आणखी कमी करत होते.

ताट फिरत फिरत खांबापाशी आलं. नवीनच पोरगी होती, तिला कोणी सांगितलं नसावं. तिने बोट कुंकवात बुडवलं आणि माझ्याकडे हात केला. मागून कोणीतरी तिचा दंड धरला. बोट तसंच हवेत राहिलं. मग तिने ते आपल्या रुमालाला पुसलं आणि गेली. मी वाजवणं थांबवलं नाही. मनात म्हटलं, शेवटची दहा मिनिटं माझी आहेत, तोवर गिळ.

ताट परत टेबलावर आलं. राधिका माईकवर आली. "आता सगळ्यांनी वाण घ्यायला ओळीने या. रमाताई, तुमी चालू ठेवा, असंच मंद मंद. फार छान माहौल बनला."

मी उठून तिच्याजवळ गेले. "राधिका, माही दहा मिनिटं?"

तिने माईकवर तळहात ठेवला. "ताई, बायका घाईत आहेत. कोणाचे मिस्टर बाहेर गाडी घेऊन उभे आहेत. तुमी वाण वाटताना वाजवा ना, दहा मिनिटं तर लागतीलच."

"तू शब्द दिला होता."

"अहो, वाजवून तर राह्यलेत ना तुमी. कोण नाही म्हणते?"

तिला खरोखरच फरक कळत नव्हता. ती चिडली नव्हती, तिच्या हिशेबी तिने शब्द पाळला होता. मला मात्र त्या क्षणी संताप आला. पंचावन्न वर्षांच्या आयुष्यात मी जेव्हा वाजवलं तेव्हा कोणाच्या तरी उखाण्यामागे, कोणाच्या तरी पाणी पिण्यामागेच वाजवलं होतं. चहा टाकायला तिथे गॅस नव्हता.

मी खांबाआड गेले, ॲम्प्लिफायर उचलला आणि सगळ्यांच्या समोर, मधोमध, भिंतीलगत आणून ठेवला. भिंतीतल्या बोर्डात पिन खुपसली. बोर्डाशेजारीच वाणाचं टेबल होतं आणि स्टीलचे डबे मोजून द्यायला शारदा बसली होती. तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि डोळे मिटून घेतले. मी आवाजाचं बटन फिरवलं, पट्टा खांद्यावर घेतला आणि तिसरा तुकडा सुरू केला.

पहिल्या सुरालाच हॉल दचकला. कोणाच्या तरी हातातला डबा खाली पडला, त्याचा आवाजही आला नाही. माईकवर एक सून वाणाचा उखाणा घेत होती, तिचे ओठ हलताना दिसत होते. नवऱ्याचं नाव कोणालाच कळलं नाही. सुरुवातीचा भाग संथ आहे, तो मी नीट काढला. मग धावायचा भाग आला.

राधिका माझ्यासमोर येऊन हात हलवत होती. मी तिच्याकडे बघत बघत वाजवत राहिले. ती शारदेकडे वळली आणि माझ्या गिटारच्या वरून ओरडली, "शारदा, ते बटन बंद कर."

शारदेचा हात बोर्डापासून वीतभर लांब होता. ती उठली. मला वाटलं, संपलं. पोस्टमनला घाबरणारी बाई, हिला अध्यक्षा सांगतेय. तिने आपली खुर्ची ओढली, बोर्डाला पाठ लावून ठेवली आणि तीत बसली. शारदा चांगली भरलेली आहे. ती बसल्यावर बोर्ड दिसेनासा झाला.

"शारदा, तुले सांगून राह्यले मी."

"ताईचं झालं नाही अजून," शारदा म्हणाली. मी तिच्या शेजारीच वाजवत होते, म्हणून मला ऐकू आलं.

 मग राधिकाने तिला जमतं ते केलं, सोय लावली. डब्यांचं टेबल दोघींकडून उचलवलं आणि माईक सोडून हातवारे करत सगळ्यांना बाहेर बोलावलं. वाण अंगणात मिळणार. पहिली रांग उठली, दुसरी उठली. काळ्या साड्या दारातून बाहेर पडायला लागल्या. एकदोघींनी जाताना कानांवर हात ठेवून मला दाखवले. माझं बोट घसरलं, एक अख्खी ओळ चुकली. बघता बघता समोर नुसत्या खुर्च्या उरल्या, आणि मला रडू यायला लागलं. हसतील असं शारदा म्हणाली होती. हसल्या असत्या तर बरं झालं असतं, निदान ऐकून हसल्या असत्या. हे कोणासाठी वाजवतेस रमा, असं मनात आलं आणि हात सैल पडला.

तेव्हा शेवटच्या रांगेत हालचाल झाली. त्या पाच-सहाजणी उठल्या नव्हत्या. कशाला उठतील? वाण सवाष्णींना मिळतं, अंगणात त्यांचं काही काम नव्हतं. त्यांतल्या सुभद्राकाकू, ऐंशीच्या घरातल्या, गोंदियाहून लग्न होऊन इकडे आलेल्या, काठी टेकत खुर्च्यांच्या मधून पुढे निघाल्या. सावकाश येऊन त्या पहिल्या रांगेत मधल्या खुर्चीवर, राधिकाच्या खुर्चीवर बसल्या. काठी मांडीवर आडवी ठेवली. त्यांच्या मागून बाकीच्या आल्या आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना बसल्या. कोणी कोणाशी बोललं नाही. त्या माझ्या हातांकडे बघत होत्या.

मी चुकलेली ओळ पहिल्यापासून घेतली. या खेपेला ती बरोबर आली. मग पुढचा चढ, मग उतार, मग तो शेवटचा सूर, जो तामाबायाशी लांबवतो तितका मीही लांबवला, बोट तारेवर थरथरवत, तार स्वतःच थकेपर्यंत.

टाळ्या वाजल्या नाहीत. बाहेरून डब्यांचा खणखणाट आणि उखाण्यावरचं हसू आत येत होतं. दारात राधिका उभी होती, हातात एक डबा. ती आपल्या खुर्चीकडे बघत होती.

"झालं काय?" सुभद्राकाकूंनी विचारलं.

"हव काकू, हे झालं."

"अजून येते काय तुले?"

"दोन येतात. बाकी शिकून राह्यले."

काकूंनी मान वळवून दारातल्या राधिकाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मंग वाजव ना माय दोन्ही. अन् हे काय मघापासून हळूहळू लावलं? जोरात वाजव. मले कमी ऐकू येते."

शारदा बोर्डापुढची खुर्ची न सोडता वाकली आणि ॲम्प्लिफायरचं बटन शेवटपर्यंत फिरवलं.